छातीतली कळ, सोड्याची बाटली आणि पहिला ईसीजी

२०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यातून तरण्याताठ्या माणसांच्या अचानक मृत्यूच्या बातम्या एकामागोमाग एक आल्या आणि अख्खं कर्नाटक धास्तावलं. बेंगळूर-म्हैसूरच्या जयदेव या हृदयरोगाच्या रुग्णालयांपुढे धडधाकट माणसं तपासणीसाठी रांगा लावून उभी राहिली. कोविडमुळे झालं की लशीमुळे, यावर चहाच्या टपऱ्यांवर वाद रंगले. राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला अशा अकाली हृदयविकाराचा कोविडशी किंवा लशीशी संबंध सापडला नाही. पण या गदारोळात कामाचा प्रश्न बाजूलाच राहिला: रात्री दोन वाजता, बेळगावकडच्या सीमाभागात, उचगावात किंवा जांबोटीत, घरातल्या माणसाच्या छातीत कळ उठली तर पुढच्या अर्ध्या तासात नेमकं करायचं काय?

पंपालाही पाणी लागतं

हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसरात्र सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, पण त्याच्या पोटातून जाणारं रक्त त्याच्या स्वतःच्या स्नायूला फारसं उपयोगी पडत नाही. त्या स्नायूसाठी बाहेरून वेगळी पाइपलाइन आहे, तीन मुख्य धमन्यांची. या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, म्हणजे ठिबकच्या मुख्य नळीतून रोपाच्या बुडाशी सोडलेल्या बारीक नळीएवढ्या.

या नळ्यांच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. बहुतेकांना वाटतं, थर वाढत वाढत नळी पूर्ण बुजते आणि मग अटॅक येतो. बऱ्याचदा तसं होत नाही. थरावरचा पातळ पापुद्रा अचानक फाटतो. शरीराला ती जखम वाटते आणि बोट कापल्यावर रक्त गोठतं तसं तिथे रक्त गोठू लागतं. अर्धीच बुजलेली नळी काही मिनिटांत पूर्ण बंद होते. म्हणून "काल तर दिवसभर उसाला पाणी पाजत होता की!" या वाक्याला काही अर्थ नाही. काल नळी वाहत होती.

पाट तुंबला तर वाफ्यातलं पीक लगेच मरत नाही, दोन-चार दिवस तग धरतं. हृदयाच्या स्नायूला तेवढी सवड नसते. रक्त पूर्ण थांबल्यावर वीस-तीस मिनिटांत तो मरायला लागतो आणि सहा ते बारा तासांत त्या नळीवरचा बहुतेक भाग गेलेला असतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे वण राहतो. पुढे दहा पायऱ्या चढून धाप लागणारा माणूस हा बऱ्याचदा अटॅकमधून वाचलेला, पण उशिरा पोचलेला माणूस असतो.

अटॅक वेगळा, हृदय बंद पडणं वेगळं

बातम्यांत हे दोन्ही एकच करून टाकतात, आणि तिथेच घोटाळा होतो. हार्ट अटॅक म्हणजे पाइप तुंबणं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, बऱ्याचदा स्वतः चालत दवाखान्यात येतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे मोटारीची वीज बिघडणं. पंप थरथरतो, पण रक्त ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाकेला ओ देत नाही.

पहिल्यातून दुसरं केव्हाही होऊ शकतं, आणि ही भीती पहिल्या तास-दोन तासांत सगळ्यात जास्त असते. पहिल्यात गाडी, गोळी आणि ईसीजी लागतो. दुसऱ्यात त्याच जागी, त्याच क्षणी, हात चालवावे लागतात.

दुखणं नेमकं कसं असतं

सिनेमातला माणूस छाती धरून किंचाळतो आणि पडतो. खरा माणूस बहुधा गप्प होतो. त्याला विचारलं तर "दुखतंय" असंही म्हणत नाही. म्हणतो, छाती भरून आल्यासारखं वाटतंय, दडपण आलंय, कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालंय, पट्टा आवळलाय. कुठे, म्हणून विचारलं तर एका बोटाने जागा दाखवत नाही. सगळा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. ही खूण लहान आहे, पण डॉक्टरही ती पाहतात.

कळ छातीतच राहील असं नाही. डाव्या हातात उतरते, कधी दोन्ही हातांत. खांद्यात, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये, मानेत, खालच्या जबड्यात जाते. जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलेली माणसं आहेत.

आणि घाम. हे लक्षण जपून ठेवा. बेळगावच्या डिसेंबरातली रात्र, घरातले सगळे कांबळं ओढून झोपलेले, आणि हा माणूस उठून बसलाय. कपाळ गार, बनियन पिळावा इतका ओला, चेहरा राखेसारखा. सोबत मळमळ, एखादी उलटी, दम लागणं. छातीतलं दडपण आणि असा गार घाम एकत्र दिसले की निदानाची वाट बघत बसू नये.

मधुमेह जुना असेल तर दुखण्याच्या नसाच बोथट झालेल्या असतात. अशा माणसाला कळ येतच नाही. नुसता दम लागतो, चक्कर येते किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. वयस्कर माणसांचंही तसंच. बायकांत छातीची कळ असतेच, पण पाठदुखी, मळमळ, धाप, कमालीचा थकवा हीच तक्रार पुढे येण्याचं प्रमाण जास्त. त्यात आपल्याकडची बाई भाकऱ्या थापून, सगळ्यांना वाढून झाल्यावर सांगणार की मघापासून जीव घाबरा होतोय. तो तास गेलेला असतो.

काही वेळा आधी सूचना मिळते. राजहंसगड चढताना किंवा जेवून भरभर चालताना छातीत आवळतं, थांबलं की पाच मिनिटांत जातं. हे नव्याने सुरू झालं असेल किंवा हल्ली कमी श्रमातही होत असेल, तर यात्रा-लग्न उरकून मग दाखवू असं म्हणू नये. बसल्या जागी आवळलं, तर त्याच दिवशी.

"अहो, गॅस धरलाय"

सीमाभागात सर्वांत जास्त वेळ कुठे जात असेल तर या तीन शब्दांत. सोडा पितात, इनो घेतात, ओवा चावतात, पोटावर शेक घेतात, "जरा पडतो, बरं होतंय की" म्हणत आडवे होतात. सकाळी फॅमिली डॉक्टरकडे जातात.

ही चूक अडाणीपणाची नाही, शरीराच्या रचनेतच तिचं मूळ आहे. हृदयाची खालची बाजू पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते आणि जठर त्या पडद्याच्या लगेच खाली. दोन्हींच्या वेदनेच्या तारा मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात. मेंदूला कळतं की या भागात काहीतरी बिघडलंय. कुठल्या अवयवात, ते नेमकं कळत नाही. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये तर मळमळ, उलटी आणि बेंबीच्या वर जळजळ हीच मुख्य लक्षणं असू शकतात.

मग ढेकर आल्यावर बरं वाटलं त्याचं काय? त्याने काही सिद्ध होत नाही. गुठळी थोडी सुटते, परत बसते, त्यामुळे कळ मध्ये ओसरून पुन्हा येते. ढेकर त्याच वेळी आला इतकंच. उलट बाजूही सांगायला हवी: बोटाने दाबल्यावर दुखणारी, कूस बदलल्यावर टोचणारी, दोन सेकंदांची सणक बहुधा स्नायूची असते. बहुधा. कळ पाच मिनिटांच्या वर टिकली, किंवा घाम-दम सोबत असला, तर गॅस आहे की नाही हे ईसीजीने ठरवायचं, घरातल्या अनुभवी माणसाने नाही.

पहिली दहा मिनिटं

माणसाला जिथे आहे तिथे बसवा. पाठ टेकलेली, गुडघे थोडे वर, शर्टाची बटणं सैल. सपाट झोपवल्याने दम वाढू शकतो. चक्कर येत असेल तर मात्र आडवं करा. जिने उतरायला लावू नका, संडासला एकट्याला पाठवू नका. आत कडी लावून कोसळलेला माणूस बाहेर काढण्यात मोलाची मिनिटं जातात.

लगेच १०८ लावा. सीमेवरच्या गावात फोन कधी इकडच्या टॉवरवर असतो, कधी तिकडच्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगा. पलीकडून कन्नडमध्ये विचारलं आणि घरात कुणाला ते सफाईने येत नसेल, तर एवढं पुरतं: 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखतंय, 'तुंबा बेवरु' म्हणजे खूप घाम आलाय, 'अँब्युलन्स कळिसि' म्हणजे अँब्युलन्स पाठवा. एक जण बॅटरी घेऊन वेशीवर किंवा फाट्यावर उभा राहू दे. गाडी गावात शिरून गल्ली शोधत फिरते, तो वेळ वाचतो.

फोन झाल्यावर ॲस्पिरिन. मात्रा ३०० ते ३२५ मिलिग्रॅम. घरी ७५ ची गोळी असेल तर चार, १५० ची असेल तर दोन. गिळायची नाही, चावून खायची. या गोळ्यांवर बऱ्याचदा आवरण असतं, ते आतड्यात सावकाश विरघळावं म्हणून. चावल्याने ते फुटतं आणि औषध लवकर रक्तात जातं. ॲस्पिरिन झालेली गुठळी विरघळवत नाही, तिच्यावर आणखी थर बसू देत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, तिने दमा उठत असेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी होत असेल, तर देऊ नका. तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोबडी वळलीय, असं दिसलं तरी देऊ नका. तो अर्धांगाचा झटका असू शकतो आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घात करेल.

सॉर्बिट्रेट या जिभेखालच्या गोळीबद्दल व्हॉट्सॲपवर फार उत्साह आहे. ज्याला डॉक्टरांनी ती आधीच लिहून दिलीय त्याने, बसून, सांगितल्याप्रमाणे घ्यावी. शेजाऱ्याची उसनी आणून देऊ नये. ती रक्तदाब झपाट्याने खाली आणते. काही अटॅकमध्ये, विशेषतः हृदयाची उजवी बाजू सापडली असेल तर, तेवढ्याने माणूस कोसळतो. गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर हा धोका आणखी वाढतो. पुरुष हे घरच्यांपुढे सांगत नाहीत, पण डॉक्टरला सांगायलाच हवं.

बेळगाव की कोल्हापूर? आधी ईसीजी

यावर घराघरांत भांडणं होतात. मेहुणा म्हणतो कोल्हापूरला नेऊ, काका म्हणतात बेळगावात ओळख आहे. ओळखीच्या डॉक्टरला फोन लागेपर्यंत माणूस सोफ्यावरच.

नळी उघडायचे दोन मार्ग आहेत. एक अँजिओप्लास्टी: मनगटातून किंवा जांघेतून बारीक तार घालून, फुग्याने नळी उघडून तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवणं. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. वेळेत झाली तर अँजिओप्लास्टी सरस. 'वेळेत' म्हणजे अटॅक ओळखल्यापासून साधारण दोन तासांच्या आत. तेवढ्यात तार घालणाऱ्या टेबलापर्यंत माणूस पोचणार नसेल, तर इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं. कळ सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत ते देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत गुठळी ताजी असते तेव्हाच ते खरं काम करतं.

आता हिशेब मांडा. खानापूरहून बेळगाव साधारण २६ किलोमीटर, पण कणकुंबीकडच्या किंवा भीमगडच्या जंगलातल्या गावातून आधी खानापूर गाठायचं असतं. पावसाळ्यात तिथल्या काही गावांतून आजारी माणूस डोलीने डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. म्हणजे निपाणीकराने उत्तरेला जाणं शहाणपणाचं आणि खानापूरकराने बेळगाव धरणं. पण दोघांच्याही वाटेत एक थांबा हवा: जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो आणि तो वाचून इंजेक्शन देता येतं तिथे.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदय ज्योती' योजना सुरू केली, ती याच विचाराने. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ते अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. योजनेत तालुका पातळीवरच्या रुग्णालयात ईसीजी काढतात, मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ तो पाहतात आणि गरज असेल तर टेनेक्टेप्लेस हे महागडं इंजेक्शन तिथेच मोफत देतात. वजनावर मात्रा ठरते आणि एकाच दमात शिरेतून देता येतं, तासभर सलाइन लावून बसावं लागत नाही. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय आहे का, रात्री ईसीजी काढणारं कुणी असतं का, हे एखाद्या निवांत दुपारी जाऊन विचारून या. सगळे बरे असताना. हे इंजेक्शन सर्वांना चालत नाही. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला, नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं, हे आधी सांगावं लागतं.

अँब्युलन्स वेळेत येणार नसेल तर चारचाकी. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली पद्धत धोक्याची आहे. वाटेत शुद्ध गेली तर तिघेही रस्त्यावर. आजारी माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही, कितीही म्हणाला तरी. मागच्या सीटवर त्याच्याशेजारी असा एक जण बसवा ज्याला छाती दाबता येते.

"ईसीजी नॉर्मल आलाय, मग घरी जाऊ?"

एक ईसीजी म्हणजे एका क्षणाचा फोटो. सुरुवातीला तो निर्दोष येऊ शकतो. नळी पूर्ण बंद न होता अडखळत वाहत असेल तर पट्टीवर ठळक खूण उमटतेच असं नाही. म्हणून कळ चालू असेल तर पंधरा-तीस मिनिटांनी पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. स्नायू मरताना हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. फार लवकर घेतलेलं रक्त निर्दोष निघालं तर ते दुसऱ्यांदा घ्यावं लागतं. "पुन्हा ईसीजी काढता का?" हे विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणं नव्हे.

माणूस कोसळला तर

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ नाही, आणि छाती नेहमीसारखी वरखाली होत नाही. एवढं दहा सेकंदांत बघायचं. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या बोटांना ती सापडत नाही. इथे एक फसवणूक असते: हृदय थांबल्यावरही माणूस पहिली काही मिनिटं आचके देतो, घोरल्यासारखा आवाज काढतो. घरचे म्हणतात, श्वास चाललाय. तो श्वास नाही.

पलंगावरून खाली फरशीवर घ्या. गादीवर दाबलं तर छाती नाही, गादी दबते. बाजूला गुडघ्यांवर बसा. एका तळव्याचं बूड छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. कमरेतून अंगाचा भार टाकून पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या. वर येताना हृदयात रक्त भरतं. ते भरू दिलं नाही तर पुढचा दाब कोरडा जातो. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. मोठ्याने मोजा. १०८ ला लावलेला फोन स्पीकरवर ठेवा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि स्वतःला ते कळत नाही. तोंडाने श्वास देण्याचं शिक्षण नसेल तर नुसतं दाबत राहिलात तरी चालतं. अँब्युलन्सवाले हातात घेईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबायचं नाही. गाडीत असताना शुद्ध गेली तर गाडी बाजूला घेऊन खाली उतरवा. धावत्या गाडीच्या सीटवर हे होत नाही.

बरगडी मोडली तर? मोडते कधी कधी, कट्‌ असा आवाजही येतो. जुळते ती. काहीच न केल्यास मात्र वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. आणि हृदय चालू असलेल्या माणसावर चुकून सुरू केलं तर तो हात झटकेल, ओरडेल, इतकंच.

कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, बोटांना सुया टोचणं, यातलं काहीही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडातलं पाणी फुप्फुसात जातं. 'एकटे असाल तर जोरजोरात खोका' हा मेसेज तर वर्षानुवर्षं फिरतोय. शुद्धीवर असलेल्याला खोकून काही मिळत नाही आणि हृदय थांबलेला खोकू शकत नाही. एकटे असाल तर १०८ लावा, ॲस्पिरिन चावा, दाराची कडी काढा आणि दाराजवळ बसा.

कार्ड, पैसे आणि घरातला कागद

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत खडाजंगी झाली. इकडे कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. कुठल्या कार्डावर कुठल्या रुग्णालयात काय मिळतं, ही चौकशी कळ उठण्याच्या कितीतरी आधी करायची असते. त्या रात्री मात्र कार्ड सापडेना म्हणून उंबऱ्यात थांबू नये. माणूस पुढे, कार्ड मागून.

घरात तंबाखू, बिडी, गुटखा किंवा सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारं कुणी असेल, चाळिशीनंतर रक्तदाब-साखर एकदाही तपासलेली नसेल, वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेले असतील, तर त्या घराने हे जरा आधीच करावं. रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ॲस्पिरिनची एक पट्टी ठेवावी आणि मुदत बघून बदलत राहावी. सोबत एक चिठ्ठी: चालू गोळ्यांची नावं, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, जवळच्या ईसीजीच्या ठिकाणाचा आणि गाडीवाल्याचा नंबर. पूर्वी कधी ईसीजी काढला असेल तर त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. तो गुळगुळीत कागद दोन-चार वर्षांत पांढरा पडतो, आणि रात्री तीनला ड्युटीवरच्या डॉक्टरला नेमकं तेच बघायचं असतं: पट्टीवरचा हा बदल जुनाच आहे की आजचा.